डाव्या हाताची मेहनत

सुमन गेल्याचं माझ्या मुलीनं, रेखानं, किलवणीच्या मैदानावरून फोन करून सांगितलं. "आई, काकू पडल्या... उठल्याच नाहीत." मी गॅस बंद केला आणि निघाले. त्याला आता दीड महिना झाला. आम्हा जावांचं फारसं गोड कधीच नव्हतं, आणि आता ती गेली म्हणून मी ते गोड करून सांगणार नाही.

मी चौथी शिकलेली, धुळ्याहून नवऱ्याच्या नोकरीमागे सिल्वासाला आलेली. धाकटी जाऊ सुमन शाळेत खेळ शिकवायची. रेखाला गोळाफेक तिनंच शिकवली. एका वर्षी पोरीची निवड चाचणी पावसाळ्यानंतर होती आणि त्याआधीच ती राखोलीच्या रस्त्यावर स्कूटरवरून पडली. उजवा हात मोडला. प्लास्टर घातलं. थोड्याच दिवसांत पाहते तर सुमन तिच्याकडून डाव्या हातानं वजन उचलून घेतेय!

"मोडला उजवा आणि दमवतेस डावा? डोकं ठिकाणावर आहे का?"

"ताई, ताकद नुसती दंडात नसते. हुकूम डोक्यातून निघतो, नसांमधून जातो. डाव्यानं जोर लावला की उजव्याच्या नसाही थोड्या जाग्या राहतात. डॉक्टरांना विचारलंय. 'करो ने बेन, वांधो नथी,' म्हणाले, काही हरकत नाही."

"पोर माझी आहे, डॉक्टरची नाही."

तिनं ऐकलं नाही. मग मी रोज मैदानाच्या कडेला जाऊन बसू लागले, राखण करायला. रेखा घामानं निथळायची, सुमन मोठ्यानं आकडे मोजायची, माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. हात अधू झाला तर हिचं तोंड जन्मभर बघणार नाही, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

प्लास्टर निघालं. हात वाळक्या काटकीसारखा झाला होता. डॉक्टर म्हणाले, काहीतरी धरून मूठ आवळ. सुमननं माझंच मनगट पुढे ओढलं. "ताईंचं धर. तेवढीच त्यांची भीती जाईल."

रेखानं धरलं. आधी काहीच कळेना. मग बोटं आवळत गेली, आणखी आवळली.

"सोड, बांगडी फुटेल," मी म्हणाले. सुमन तोंड फिरवून हसली.

त्या वर्षी निवड झाली नाही. "हात परत आला, लक्ष कुठं राहिलं?" म्हणून सुमननं पोरीला सगळ्यांसमोर झापलं. तशीच होती ती.

आता सुमनच्या शाळेतल्या मुलींचा सराव रेखा घेते. परवा एकीचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि रेखा तिच्याकडून दुसऱ्या पायाची मेहनत करून घेत होती. त्या मुलीची आई तरातरा आली. "पाय मोडलाय तिचा, दिसत नाही?" रेखानं माझ्याकडे पाहिलं.

मैदानाच्या कडेला माझ्या जुन्याच जागी बसले होते, तिथं मी सरकले आणि त्या बाईला शेजारी बसवलं. "भांड," म्हटलं, "पण इथून उठू नको."