इराची वाटणी

२००५ च्या ऑक्टोबरात शिकागोच्या विमानतळावर उतरले. माझी मुलगी मंजिरी आणि जावई समीर वेगळे झाले होते. चार वर्षांच्या इराची कस्टडी (मुलाचा ताबा) कोणाकडे, हे त्या आठवड्यात कोर्ट ठरवणार होतं.

मंजिरी शिकागोजवळ शॉमबर्गला राहते. रस्त्याकडेची झाडं लालभडक झालेली, पण ती बघायला फुटपाथवर माणूस औषधालाही नाही. शनिवारी समीर इराला न्यायला आला. मी त्याला पोहे दिले आणि सरळ सांगून टाकलं, की तुमचं मिटेपर्यंत इराला मी नागपूरला नेते. आमच्या गल्लीत कितीतरी नातवंडं अशीच आजीकडे वाढली. समीरचा चेहरा पडला. पोहे तसेच ठेवून तो निघाला.

सोमवारी त्याच्या वकिलानं इराचा पासपोर्ट कोर्टात जमा करायला लावला. आजीनं नात नेली तर इथे ते पळवून नेणं! मी संतापले.

मंजिरीची वकीलबाई म्हणाली, आता जज बहुतेक ‘बाळाचे दोन तुकडे’ करणार. मी दचकले, तेव्हा या इंग्रजी वाक्प्रचाराची कूळकथा तिनंच सांगितली. ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात एका बाळासाठी दोन बायका सॉलोमन राजापुढे भांडतात. राजा तलवार मागवतो, अर्धं अर्धं घ्या म्हणतो. एक तयार होते. दुसरी म्हणते, तिलाच द्या, पण मारू नका. खरी आई हीच, म्हणून राजा बाळ या दुसरीला देतो. म्हणजे मुळात तुकडे झालेच नाहीत, आणि तरी निम्म्या-निम्म्या निकालाला हे लोक तेच नाव देतात.

निकाल तसाच लागला. एक आठवडा आईकडे, एक बाबाकडे. परतताना गाडीत मी म्हटलं, "मंजू, त्या बाईनं सोडलं म्हणून तिला मिळालं."

"आई, तिच्यासमोर राजा होता. इथे सोडलं की केस क्लोज करतात."



निघायच्या दिवशी इरा समीरकडे होती. तो तिला आपणहून विमानतळावर घेऊन आला. मला बिलगून ती म्हणाली, "आजी, यू आर इन हूज वीक?"

आजी आईच्या आठवड्यातली की बाबाच्या, हे तिला कळायला हवं होतं. समीर वाकून तिच्या बुटाची नाडी बांधू लागला.

नागपूरला शेजारणी विचारतात, नातीला का नाही आणलं. शाळा आहे, असं सांगते. पुढच्या वेळी मात्र समीरचा आठवडा असला, तर इराला भेटायला मी त्याच्याच दारात जाऊन उभी राहणार आहे. तो आत घेईल ना, एवढीच धास्ती आहे.