वाटेत असलेला हात

डाव्या हाताच्या बोटानं उजव्या दंडावर टिचक्या मारत अक्का हळूहळू बोट खाली न्यायच्या. एका जागी थांबायच्या, डोळे बारीक करायच्या आणि म्हणायच्या, “हितवर आलाय.” मग शिलाईचा खडू घेऊन तिथं रेघ ओढायच्या.

कोण आलाय, असं तुम्हीही विचारलं असतं. मी विचारलं होतं.

“हात,” त्या म्हणाल्या. “वाटेत हाय.”

मी आठवीतून शाळा सोडलेली, माहेर पार गोंदियाकडं. नवऱ्याच्या कामामुळं सोलापुरात आले आणि टॉवेलच्या कारखान्यात दोरे कापायला लागले. मला कशाचीही भीती वाटायची. मशीनची, मुकादमाची, माझ्या बोलण्याला बाया हसतील याची. पहिल्या दिवशी डबा उघडायची हिंमत होईना, तर शेजारच्या मशीनवरून एक भाकरी माझ्यापुढं सरकली. त्या अक्का. तेलुगू घरातल्या, म्हणून सगळ्यांच्याच अक्का. त्यांच्याहून म्हाताऱ्या बायासुद्धा त्यांना अक्काच म्हणायच्या.

मी यायच्या आधी रिक्षा उलटून त्यांचा दंड मोडला होता. हाड जुळलं, पण आतली नस तुटून तिचा तुकडाच गेला. हात मनगटातून ओल्या टॉवेलासारखा लोंबायचा. डॉक्टरांनी पोटरीतून नसेची एक पट्टी काढून त्या मोकळ्या जागेत शिवली. अक्कांनी मला समजावलं होतं, की ही पट्टी म्हणजे नुसता रस्ता. वरची जुनी नस त्यातून आपली आपण वाढत खाली येते, महिन्याला जेमतेम इंचभर. ती जिथवर पोचली असेल तिथं टिचकी मारली की अंगठ्याच्या पाठीवर मुंग्या येतात. नस शेवटपर्यंत पोचेलच असं काही डॉक्टर म्हणाले नव्हते. अक्कांनी ते कानावर घेतलं नव्हतं.

बाया चेष्टा करायच्या. पायाची नस हाताला लावली, आता हात चालायला लागणार म्हणायच्या. “लागू दे की,” अक्का म्हणायच्या, “तुमच्यासारखा बसून तर न्हाय राहणार.”

नस काढली त्या पावलाची कड मात्र बधिर झाली होती. एकदा त्या एकाच चपलेवर कामावर आल्या. दुसरी कुठं गळून पडली ते त्यांना कळलंच नव्हतं. दिवसभर स्वतःच सगळ्यांना पाय दाखवत हसत होत्या. घरी जाताना मी माझी चप्पल पुढं केली, तर लई रागावल्या.

मनगटाखाली प्लास्टिकची पट्टी बांधून त्या डाव्या हातानं टॉवेलच्या कडा शिवायच्या. काम अर्ध्यावर आलं होतं. मुकादम माणूस वाईट नव्हता, पण त्याच्या मागं मालक होता. गठ्ठे मोजायला बसा, असं तो अक्कांना सारखं सांगायचा. अक्का म्हणायच्या, गठ्ठे मोजणारी बाई मशीनवर परत येत नाही, एवढं मलाही कळतं.

मधल्या सुट्टीत त्यांनी मला कड दुमडायला शिकवलं. बिघडलेल्या तुकड्यांवर, त्यांच्याच मशीनवर. मी शिकले, आणि तिथंच पेच पडला. दिवाळीच्या मालाची घाई सुरू झाली तेव्हा मुकादम मला म्हणाला, “उद्यापासून अक्कांच्या मशीनवर तू बस.”

मला मशीन हवी होती. खोटं कशाला बोलू? पण दुसऱ्या दिवशी मी तिथं गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. अक्का मशीनसमोर बसलेल्या. मुकादमानं त्यांना उठायला सांगितलं, चांगल्या शब्दांत.

अक्कांनी मनगटाची पट्टी सोडली. हात मशीनच्या पाटावर ठेवला, पंजा कडेवरून खाली लोंबला. काहीच झालं नाही. मुकादम मान खाली घालून म्हणाला, “अक्का, कशाला उगं…”

तेवढ्यात पंजा हलला. थरथरत, अडखळत वर आला. बोटं वाकडीच होती, अंगठा आत मुडपलेला. पण मनगट उभं राहिलं आणि तळवा मुकादमाच्या तोंडासमोर आला, चौकातल्या पोलिसासारखा.

“थांबा म्हणतोय,” अक्का म्हणाल्या.

सगळ्या बायांनी आपापल्या मशीन थांबवल्या होत्या. मुकादम थांबला. नंतर त्यानं गोदामातली एक जुनी मशीन झाडून मला दिली. मी अक्कांना विचारलं, आजच कसा हो हलला? त्या म्हणाल्या, चार दिवस झाले हलायला लागून, पण ह्याला दाखवायला राखून ठेवला होता.

पुढं बोटं बरीच सरळ झाली. अंगठा काही शेवटपर्यंत उघडला नाही. तो आत दुमडूनच अक्कांनी कितीतरी टॉवेल शिवले, आणि कोणी अंगठ्याचं विचारलं तर म्हणायच्या, त्याला घाई न्हाय.

गेल्या वर्षी मुलानं त्यांना भिवंडीला नेलं. शेवटच्या दिवशी त्यांनी मशीनला तेल घातलं, पुसली, आणि मला हाताला धरून तिच्यावर बसवलं. मुकादम समोरच उभा होता. त्याच्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

“ही मी देतीय तुला,” त्या म्हणाल्या. “त्यानं दिली असं कुणाला सांगू नको.”

कारखान्यात नव्या बाया येतात. मुकादमानं हिला चांगली मशीन दिली, असं आपसांत बोलतात. मी अजूनही भित्रीच आहे, पण एवढ्यापुरती मशीन थांबवते आणि त्यांना सांगते. तुम्हालाही सांगून ठेवते. मुकादमानं दिलेली नाही.