टायर बघणारे आमचे साडू

माणसाची पारख चेहऱ्यावरून करावी, बोलण्यावरून करावी, फार तर त्याच्या घरच्या चहावरून करावी, अशी जगाची रीत आहे. आमचे थोरले साडू मात्र ती त्याच्या गाडीच्या टायरवरून करत, आणि त्यांची पारख चुकल्याचं मला तरी आठवत नाही. दुसऱ्यांच्या टायरची इतकी काळजी वाहणारा माणूस साऱ्या पुण्यात झाला नसेल. गंमत म्हणजे त्यांची स्वतःची गाडी कधीच नव्हती. एक जुनी स्कूटर होती, तीही ते बहुतेक वेळा हाताने ढकलतच नेत, कारण दर चार पावलांवर कुठल्या तरी उभ्या गाडीपाशी त्यांना थांबायचं असे.

पिंपरीकडच्या एका रबराच्या कारखान्यात, तपासणी खात्यात, त्यांनी पंचवीस वर्षं काढली. मग देशाचे दरवाजे उघडले, बाहेरचा माल आत आला आणि साडू स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. खातं सुटलं, तपासणी काही सुटली नाही. नेमक्या त्याच वर्षांत शनिवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीत, जिथे पूर्वी एका डॉक्टरांची काय ती गाडी असायची, तिथे दर दसऱ्याला एखादी नवी कोरी गाडी हार घालून उभी राहू लागली. कुणाचा मुलगा कॉम्प्युटरमध्ये लागला होता, कुणाचा जावई अमेरिकेला जाऊन आला होता. गल्ली पेढे खाऊन कौतुक करत असे. साडूंच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की आणखी पाच टायर आले. स्टेपनी ते कधी मोजायची विसरत नसत.

रोज सकाळी ऊन वर यायच्या आत त्यांची फेरी निघे. टायर थंड असतानाच खरं बोलतो, गरम झाला की थापा मारतो, असं त्यांचं मत होतं. खिशातून आगपेटीतली काडी काढायची, टायरच्या खाचेत उभी करायची, खाच किती उरली ते नखाने धरायचं आणि मग सबंध टायरवरून तळवा फिरवायचा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी, मधला पट्टा झिजला असेल तर हवा जास्त, एकच कड गेली असेल तर चाक वाकडं. पत्रिका बघणारे गुरुजी बोटं मोडत जसे पुटपुटतात, तसे ते उकिडवे बसून पुटपुटत. निकाल वाईट असला की वायपरखाली चिठ्ठी लागे. 'मागचा डावा टायर गुळगुळीत आहे. टायर आपला असला तरी रस्ता सर्वांचा आहे.' खाली सही नसे, पण ते टपोरं अक्षर गल्लीला पाठ होतं. समोरच्या इमारतीतल्या एका बँक मॅनेजरांनी एकदा चिडून उलट चिठ्ठी लावली, की आपलं डोकंही गुळगुळीत आहे, पण आम्ही त्यावर चिठ्ठी लावत नाही. साडूंनी त्याखाली शांतपणे लिहिलं, 'डोक्याला ब्रेक लावावा लागत नाही.' आठवड्याच्या आत मॅनेजरांनी टायर बदलला.

मीही त्यांच्या तावडीतून सुटलो नाही. माझ्या पहिल्या गाडीची पूजा झाली, चाकांखाली लिंबं ठेवली, बायकोने कुंकवाची बोटं ओढली, आणि एवढ्या मंगल प्रसंगी हे गृहस्थ रस्त्यावर आडवे होऊन टायरच्या आतल्या बाजूला छापलेली तारीख वाचत होते. लिंबाने दृष्ट निघते, हवा मोजता येत नाही, एवढाच त्यांचा आशीर्वाद. पुढे एका एप्रिलमध्ये मी त्यांच्यासमोर मोठ्या शहाणपणाने म्हणालो, की उन्हाने हवा फुगते, म्हणून उन्हाळ्यात मी ती थोडी कमीच ठेवतो. ते उठले. आत जाऊन तारेचा एक हँगर घेऊन आले, तार सरळ केली आणि एकाच जागी दहा-पंधरा वेळा इकडून तिकडे वाकवून ती जागा माझ्या गालाला लावली. मी ओरडलोच. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला असाच वाकतो, आणि खाली रस्ता आधीच तापलेला असतो, असं त्यांनी मला समजावलं. गालावरचा डाग दोन दिवस राहिला. ज्ञान कायमचं राहिलं.

हे सगळं त्यांच्या पत्नीने, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, हसून चालवून घेतलं. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. पण मुलीच्या लग्नाचं बघायला लागल्यावर ताईचं हसू आटलं. पहिलं स्थळ आलं तेव्हा साडूंनी मुलाच्या काकांना, ही गाडी आपण चालवता की ढकलता, असं विचारलं. दुसऱ्या स्थळाला टायर चांगले असल्याबद्दल दाद दिली आणि मुलाचं नाव विचारायचं विसरले. दोन्हीकडून नकार आले. तिसरा मुलगा नागपूरचा, हिंजवडीत नोकरीला असलेला. आमची भाची त्याला दोनदा भेटून आली होती आणि आपल्याला तो मनापासून आवडलाय, असं तिने माझ्या बायकोला सांगितलंही होतं. एवढी शांत मुलगी, पण बापाच्या धास्तीने त्या आठवड्यात ती नीट जेवली नाही. मुलाचे आईवडील ऐन मे महिन्यात गाडीने नागपूरहून येणार म्हटल्यावर ताईने साडूंना देवापुढे उभं केलं आणि पाहुण्यांच्या गाडीकडे बघणार नाही, असं वदवून घेतलं.

त्यांनी शब्द पाळला. दोन तास खिडकीकडे पाठ करून बसले. पोहे झाले, पत्रिकेची देवाणघेवाण झाली, मुलाच्या वडिलांनी संत्र्याची बर्फी पुढे केली, मुलाच्या आईने भाचीला जवळ बसवून घेतलं. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की ताई मधूनमधून माझ्याकडे बघून मान हलवत होती. संध्याकाळपर्यंत औरंगाबाद गाठायचं म्हणून पाहुणे भर दुपारी निघाले. मुलगाही दोन दिवस सुटी काढून त्यांच्याबरोबर जाणार होता. त्यांना पोचवायला आम्ही सगळे खाली उतरलो, आणि गाडी नेमकी जिन्याच्या तोंडाशीच उभी होती. ती बघायची नाही म्हणजे साडूंना डोळेच मिटायला हवे होते.

पुढच्या डाव्या टायरच्या दोन्ही कडा साफ गेल्या होत्या आणि बाजूला लिंबाएवढा फुगवटा आला होता. साडूंनी तो दाखवला. मुलाचे वडील हसले आणि म्हणाले, "उन्हाळा आहे ना साहेब, म्हणून हवा कमीच ठेवली. नागपूरहून याच्यावरच तर आलो." साडूंनी सगळं समजावून सांगितलं, मग हात जोडले. मी त्यांना कुणापुढे हात जोडताना पाहिलं नव्हतं. ताई मागून त्यांची बाही ओढत होती. वडिलांनी आता पुरे अशा चेहऱ्याने गाडीचं दार उघडलं, तसे साडू खाली बसले, खिशातली स्कूटरची किल्ली काढली आणि व्हॉल्व्हची पिन दाबून धरली. टायर फुसफुसत जमिनीला टेकला. मुलगा गोंधळून डिकीतली स्टेपनी काढायला गेला, तोवर हे दुसऱ्या चाकापाशी पोचले होते.

वडिलांचा चेहरा लाल झाला. "तुम्ही मुलगी दाखवून राहिले का आमची गाडी मोडून राहिले?"

साडूंनी पिनेवरचं बोट काढलं नाही. म्हणाले, "मुलगी ज्या घरी द्यायची, त्या घरातली माणसं आधी घरी पोचायला हवीत."

ताई जिन्याच्या पायरीवर मटकन बसली. भाची भिंतीला टेकून उभी होती, तिच्याकडे बघवेना. काहीतरी करायला हवं म्हणून मी आणि मुलाने ते पहिलं चाक खोललं आणि कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेलं. वडीलही रागारागाने मागून आले. पंक्चरवाल्याने टायर रिमवरून उतरवला आणि उलटा करून आपटला, तर आतून ओंजळभर काळा भुगा पडला. आतल्या भिंतीचे धागे तुटून लोंबत होते. पंक्चरवाला म्हणाला, हा नगरपर्यंतही गेला नसता. वडिलांनी त्यातला चिमूटभर भुगा उचलून बोटांत चोळून बघितला. मागच्या सीटवर ओटीचा नारळ मांडीवर घेऊन त्यांची बायको बसली होती, ते त्यांना आठवलं असावं. परत आले, साडूंसमोर उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "राहिलेले दोन पण पाहून घ्या जी." त्या दिवशी पाहुणे मुक्कामाला राहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, पाचही टायर बघून झाल्यावर, साखरपुड्याची तारीख ठरली.

लग्न पुण्यातच झालं. पाठवणीच्या वेळी कार्यालयाच्या दारात फुलं लावलेली गाडी उभी होती, बायकांचे पदर डोळ्यांना लागले होते, आणि वधूपिता कुठेच दिसेनात. मला वेगळं शोधावं लागलं नाही. ते मागच्या उजव्या चाकापाशी उकिडवे बसले होते. तीन चाकं बघून झाली होती, चौथ्यावर तळवा ठेवला होता, आणि तो फिरत नव्हता. मी खाली वाकलो तर माझ्याकडे न बघता म्हणाले, "हवा बरोबर आहे." हात मात्र तिथेच. मुहूर्त टळत होता, आणि व्याह्यांनी ड्रायव्हरला गाडी सुरू करू दिली नाही. शेवटी भाचीच दार उघडून उतरली आणि शालू सावरत बापाशेजारी धुळीत बसली. तिने टायरवरचा त्यांचा हात आपल्या हातात घेतला. "बाबा, आता हात काढा," म्हणाली.

गाडी गेली. साडू उठले तेव्हा त्यांचा तळवा काळा झाला होता, तिच्या मेंदीचा हात जिथे लागला होता तेवढी जागा सोडून. त्या संध्याकाळी ते डाव्या हाताने, चमच्याने जेवले. ताईने त्यांना हात धुवायला सांगितलं नाही.