बांगडीवाली खाला आणि टुंईवाली बाई

उभ्या जालना जिल्ह्यात खालासारखी खुशाली विचारणारं माणूस झालं नाही, हे मी शपथेवर सांगतो. "कसा हाईस बेटा?" एवढ्यावर ती थांबायचीच नाही. आधी घरचे, मग सासरचे, मग म्हैस, मग म्हशीचं रेडकू. घनसावंगीची एसटी पकडायला निघालेला माझा एक पाहुणा वाटेत तिच्या तावडीत सापडला. त्याची ती गाडी गेली, पुढचीही गेली, आणि चौकशी संपेपर्यंत त्याचं आमच्याच गावात लग्न जमलं. आता त्याची पोरं कॉलेजात आहेत आणि खालाची चौकशी तेव्हा पुरती संपली होती का, याबद्दल त्याला अजून शंका आहे.

ती आम्हा सगळ्यांचीच खाला. हिंदूंची, मुसलमानांची, स्टेशनमास्तरची आणि त्याच्या बकरीचीसुद्धा. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती गल्लोगल्ली फिरायची. बाईचा हात हातात घेतला की आधी बोलणं सुरू. बाई माहेरच्या आठवणीत रंगली की इकडे बांगडी कधी मनगटात उतरली ते तिला कळायचंही नाही. "हात हाडाचा ऱ्हातो बेटा, पण बोलत ठेवला की लोण्याचा होतो," असं खाला म्हणायची. मला विचाराल तर तिनं रेल्वेच्या रुळाला बोलण्यात घेतलं असतं, तर रुळालाही डझनभर बांगड्या भरल्या असत्या.

रुळाशी तिचं तसं वैरच होतं. परतूरच्या पुढचं आमचं गाव रेल्वेलाईनीच्या दोन्ही अंगांना पसरलेलं. स्टेशन गल्ली अलीकडे आणि गोड्या पाण्याची विहीर पलीकडे. आमच्या गल्लीतला हापसा घोटभर पाण्यासाठी म्हाताऱ्यासारखा तासभर खोकायचा आणि जे बाहेर यायचं ते इतकं खारट, की त्यात मीठ न घालता वरण व्हायचं. त्यामुळे गल्लीतल्या बाया घागरी घेऊन लाईन ओलांडायच्या. सकाळी खाला बाजाराला जायची, म्हणून तिच्या घरचं पाणी तिची सून नसीम आणायची. नसीमला दिवस गेलेले होते. त्या दिवसांत खाला टोपली घेऊन कुठंही असो, इंजिनाची शिट्टी ऐकू आली की तिचं बोलणं मध्येच तुटायचं. एरवी कशानंही न तुटणारं बोलणं ते!

तेव्हा आमच्या ग्रामपंचायतीत नवा कॉम्प्युटर आला होता. ग्रामसेवक होता तरणा, एकटा राहणारा, कॉम्प्युटरचा वेडा. त्यानं पंचायतीच्या फोनला कॉम्प्युटर जोडला. फोन लावला की एका बाईचा साठवलेला आवाज यायचा, "नमस्कार, आपली तक्रार सांगा." मग टुंई वाजायचं आणि बोलायला एक मिनिट मिळायचं. मिनिट संपलं की पुन्हा टुंई, आणि फोन बंद. ग्रामसेवक नंतर ते ऐकून कोणत्या गल्लीची कोणती तक्रार ते लिहून घेई. नळाची नवी लाईन मंजूर झाली होती. ज्या गल्लीच्या पाण्याच्या तक्रारी जास्त, त्या गल्लीला नळ आधी, असं ठरलं.

गावातला एकमेव एसटीडी बूथ माझा. साहजिकच सगळी स्टेशन गल्ली माझ्याकडे लोटली. पहिला फोन खालाचा.

"नमस्कार, आपली तक्रार सांगा." टुंई!

"नमस्कार बेटी! जेवलीस का? आवाज बसल्यावानी वाटून राह्यला. घरी कोण कोण हाय? सासू बरी वागवती ना? न्हाई वागवत तर मला सांग..."

टुंई.

"खाला, अहो ते मशीन आहे!" मी कपाळाला हात लावला.

"मला काय कळत न्हाई? पण मशीनच्या मागं कुणी ऐकणारा हाय का न्हाई?"

"ग्रामसेवक आहे."

"मंग! त्याला विचारल्याबगर एकदम आपलं रडगाणं सांगायचं? अशानं कोण काम करंल? आधी माणूस मऊ पडू दे. उद्या सांगते बराबर."

दुसऱ्या दिवशी विचारपूस माहेरापर्यंत पोचली आणि टुंई. खालाचं बघून सगळी गल्ली तसंच बोलायला लागली. कुणी ग्रामसेवकाच्या खोकल्यावर काढा सांगितला, कुणी त्याला मुलगी सुचवली. एकीनं तर पाककृती सांगायला घेतली आणि फोडणी तडतडायच्या आत मिनिट संपलं. पाणी हा शब्द काही कुणाच्या तोंडून निघेना. मी ओरडून ओरडून घसा फोडला. पण खालापुढे माझा घसा म्हणजे पिपाणी.

ग्रामसभेच्या आदल्या दिवशी नसीम घागर घेऊन येत होती. मालगाडी आली. घाईत तिचा पाय खडीवरून घसरला, ती बाजूला पडली आणि घागर रुळावर गेली. पोटातल्या बाळासकट ती वाचली. घागरीचा पापड झाला. तो पापड खालानं घरात आणला आणि त्या संध्याकाळी तिनं कुणालाही काही विचारलं नाही.

ग्रामसभेत ग्रामसेवकानं आकडे वाचले. पाटील गल्ली सगळ्यांत पुढे. शेवटी म्हणाला, "स्टेशन गल्ली, निरंक."

"म्हंजे?" खालानं विचारलं.

"म्हणजे तुमच्या गल्लीची एकही तक्रार नाही."

"अरे, रोज तर बोलतो आम्ही!"

त्यानं निमूटपणे कॉम्प्युटरचा आवाज मोठा केला. भरल्या सभेत खालाचा आवाज घुमला, "जेवलीस का बेटी?" मग दुसरीचा, तिसरीचा. लोक इतके हसले की पंचायतीच्या छताचे चार पत्रे उडून थेट जुन्या जालन्याच्या बाजारात पडले. हसला नाही तो एकटा ग्रामसेवक. मान खाली घालून म्हणाला, "पाटील गल्लीचे फोन मी एकदाच ऐकले, खाला. तुमचे पुन्हा पुन्हा ऐकायचो. पण त्यात पाणी नाही, तर मी लिहू काय?"

सरपंच म्हणाले, "खाला, आता एक मिनिट घ्या. पण मुद्द्याचंच बोला."

खाला उभी राहिली. तिनं ना सरपंचाची तब्येत विचारली, ना त्याच्या बैलाची.

"माझी सून नसीम. आठवा महिना हाय. काल पाणी आणताना मालगाडी आल्ती. घागर गेली, पोरगी राह्यली. पुढच्या बारीला घागर राहील." एवढं बोलून ती खाली बसली. मिनिटातलं बरंच उरलं होतं.

हसणं कुठल्या कुठे गेलं. सरपंचांनी विचारलं, "स्टेशन गल्लीला नळ आधी द्यायचा का? हात वर करा." पहिला हात पाटील गल्लीतल्या एका बाईचा वर गेला. मग तिच्या जावेचा, मग शेजारणीचा. जिथल्या तक्रारी सगळ्यांत जास्त, तिथल्याच बाया आपली पाळी सोडत होत्या. त्या मनगटांवरच्या बांगड्या असा काही किणकिणाट करत होत्या, की गावच्या स्टेशनात गाडी लागली असं समजून दोघे जण पिशव्या घेऊन उठले म्हणतात. ग्रामसेवकानं कॉम्प्युटर बंद केला आणि हात मोजायला लागला. मोजायची गरज नव्हती.

नसीम बाळंतपणाला माहेरी गेली, तेव्हा घरचं पाणी खालाच वाहायची. नसीम लेक घेऊन परतली, त्या आठवड्यात आमच्या गल्लीत नळ आला. सगळी गल्ली तोटीभोवती जमली, पण खालाचा पत्ता नाही. मी शोधत लाईनीपर्यंत गेलो. ती पलीकडे होती. इतकी वर्षं ज्यांच्या विहिरीचं पाणी प्यायलो, त्या बायांना न सांगता एकदम येणं कसं बंद करायचं, म्हणून निरोप घ्यायला गेली होती. चौकशी अर्थातच लांबली होती.

खाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. बूथही गेला, ती टुंईवाली बाईही गेली. पण मला दिसते ती त्या दिवशीची खाला. मध्ये गाडी आली, सगळे डबे धडधडत गेले आणि शेवटचा डबा सरकल्यावर पलीकडे ती उभी. डोक्यावर घागर नाही, कमरेवर घागर नाही. दोन्ही हात नुसतेच हलवत, लहान पोरीसारखी ती लाईन ओलांडून आली.