तीन बायकांचा शब्द

विनोदिनीचा नवरा सगुण सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचा. त्या कमाईतून त्याने पार्स्यात घरामागची काजूची बाग घेतली. तो आजाराने गेला तेव्हा बाग त्याच्याच नावावर होती. मागे विनोदिनी आणि दोन मुली.

मृत्युपत्र नव्हतं. आमच्याकडे बहुतेकांचं नसतंच. बाराव्यानंतर थोरला दीर रघुनाथ बागेवरच्या हक्काचं सोडपत्र घेऊन आला.

"झील नाय तुका. चेडवां उद्या लग्न करून जातली. बाग घराण्यात रवांदी. सही कर."

"वाचून बघतंय, भावोजी."

"वाचतलंय कित्या? भाटकान्न होवचां आसा तुका?" भाटकान्न म्हणजे बागायतीची मालकीण.

तिने कागद देव्हाऱ्याखाली ठेवला. तो अजून तिथेच असेल.

पेडण्याच्या कचेरीत तिला कळलं की कोर्टाची पायरी चढायला नको. गोव्याच्या कायद्याने अर्धी बाग तिचीच, उरलेली अर्धी मुलींची. नात्यात नसलेल्या तीन भरवशाच्या माणसांनी अधिकाऱ्यासमोर सांगायचं, हेच वारस, दुसरं कोणी नाही. मग वारसाचा दस्त होतो आणि त्यावरून नावं चढतात.

पण तीन माणसं मिळेनात. रघुनाथ देवळाचा महाजन, म्हणजे मोठा मानकरी, त्याच्याशी वाकडं कोण घेणार? शिवाय त्याने वाड्यावर पसरवून ठेवलं होतं, "ट्रकवाल्याचां काय खरां? सुर्ल्याक आणखी एक संसार असलो तर?" दुकानदार जयराम म्हणाला, "दोन चेडवां माका ठावक. तिसरां नाय म्हणून कसां सांगू?" बाग जाईल ते जाईल, पण गेलेल्या माणसावरचा हा डाग विनोदिनीला सोसवेना. तिने ग्रामदेवी सातेरीपुढे नारळ ठेवला आणि ती तशीच सुर्ल्याला गेली, जिथे सगुण जेवायचा त्या पद्मावतीच्या खाणावळीत.

ठरलेल्या शुक्रवारी कचेरीत आम्ही तिघी हजर झालो. सुईण यशोदा, पद्मावती आणि शेजारीण म्हणून मी. येताना वाटेत म्हापशाच्या बाजाराच्या गर्दीत पद्मावतीच्या चपलेचा पट्टा तुटला होता; ती चपला हातात घेऊनच आली.

कारकून म्हणाला, "तीन माणसं आणा म्हटलं होतं."

"मगे आमी कोण? माडाची झावळां?" यशोदा म्हणाली.

अधिकाऱ्यांनी तिलाच विचारलं, "दोनच मुली, हे कशावरून?"

"दोनूय ह्या हातांनी घेतली. तिसरां असतां तर माकाच हाक आयली असती."

"आणि सुर्ल्याला?"

पद्मावतीने पदर सावरला. "माझ्याच ओसरीर निजायचो. पगार झालो की पयली बस धरून घराक. दुसरां घर असतां तर माझी पाणचट आमटी खावक कित्या रवलो असतो?"

बाहेरच्या बाकावर रघुनाथ बसला होता, आणि दार उघडंच होतं. माझी पाळी आली तेव्हा विचारायला काही उरलंच नव्हतं. मी सही केली.

वर्तमानपत्रात नोटीस आली, मुदत संपली, हरकत कोणाचीच नाही. तलाठ्याने उताऱ्यावर तीन नावं चढवली. विनोदिनीने तो आधी सातेरीच्या पायांशी ठेवला आणि तिथेच बसून ती पोटभर रडली.

त्या हंगामात पिकलेल्या बोंडूंची, काजूच्या फळांची, पहिली टोपली पद्मावतीला गेली. दुसरी विनोदिनीने धाकट्या मुलीकडे दिली, रघुनाथाच्या घरी पोचवायला.

"कोण गे?" त्याने आतूनच विचारलं.

"भाटकान्न," पोर म्हणाली, आणि टोपली उंबऱ्यावर ठेवून आली.