बाई बोलून गेल्या ते वाक्य

टॉर्चबाईंचं खरं नाव हजेरीपटाबाहेर कुणी वापरत नसे. एक वेळ पर्समध्ये कंगवा नसेल, पण टॉर्च असायचीच. एकवीस वर्षं त्या चौथीला विज्ञान शिकवत होत्या, आणि प्रकाशाचा धडा आला की पोरांपेक्षा त्यांनाच जास्त हुरूप यायचा. खिडक्यांवर काळी कापडं टाकायची, मुलांनी घरून आणलेल्या वस्तू एकेक करून टॉर्चपुढे धरायच्या. काचेचा पेला पारदर्शक. तेलाचं बोट फिरवलेला कागद अर्धपारदर्शक. पुठ्ठा अपारदर्शक, आणि त्याच्यामागे भिंतीवर काळीभोर सावली.

त्या वर्षी भिंगरीनं आजोबांच्या छातीचा एक्स-रे आणला. भिंगरी म्हणजे एका जागी बूड न टेकणारी पोरगी. आई लॉन्ड्रीत इस्त्री करायची, आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे. बरगड्यांतून उजेड जास्त येतो, फुप्फुसांतून कमी, हे बघून वर्गात एकच गलका झाला.

"वा गं वा!" बाई खूश होऊन म्हणाल्या. "हा भाग तर इतका काळा आहे, यातून सूर्यसुद्धा बघता येईल!"

तेवढ्यात घंटा झाली. वाक्य तसंच हवेत राहिलं.

सोमवारी पहिल्याच तासाला भिंगरी मान तिरकी करून फळ्याकडे बघत होती. "बाई, मधोमध डाग पडलाय, पुसा ना."

फळा स्वच्छ होता. बाईंनी तरी डस्टर फिरवला.

"आता?"

"आहेच. मी जिथे बघते तिथेच येतो तो."

तिला जवळ घेऊन बाईंनी हळूच विचारलं, "काल काय केलंस बाळा?"

"गच्चीवर एक्स-रेमधून सूर्य बघितला. खूप वेळ. मुळीच दुखलं नाही."

तासाभरात बाई, भिंगरी आणि लॉन्ड्रीतून तशीच धावत आलेली तिची आई डोळ्यांच्या दवाखान्यात बसल्या होत्या. डोळ्यांत थेंब घातलेली भिंगरी पाय हलवत होती. आई तिच्यावर करवादली, "हे खूळ तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? सांग!"

आता येणार आपलं नाव, असं बाईंना वाटलं.

"कुणी नाही," भिंगरी म्हणाली. "माझं मलाच सुचलं."

नाव आलं असतं तर बरं झालं असतं. नऊ वर्षांची पोर आपल्यावर पांघरूण घालतेय, आणि आपण एकवीस वर्षं शिकवणाऱ्या तोंडाला कुलूप लावून बसलोय! बाई उठल्या, पाणी प्यायल्या, परत बसल्या. बोलायचं तर नोकरीचं काय, आणि न बोलायचं तर रोज त्या पोरीसमोर उभं कसं राहायचं?

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही डोळे तपासले. "एक्स-रेनं उजेड मंद दिसतो, पण डोळा भाजणारे किरण आत जातातच," त्या म्हणाल्या. "दुखत नाही, म्हणून मूल बघत राहतं. यावर औषध नाही. बहुतेक मुलांना काही महिन्यांत पुन्हा नीट दिसायला लागतं. हिचं किती सुधारेल, ते आज नाही सांगता येणार."

बाहेर पडता पडता बाईंनी आईचा हात धरला. "ताई, ती खोटं बोलली. यातून सूर्य बघता येईल, असं मीच वर्गात म्हणाले होते."

आईनं हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "घरी काही अडलं की मी हिला सांगते, बाईंना विचार." एवढंच बोलून ती लेकीला घेऊन निघून गेली.

त्याच दुपारी बाईंनी मुख्याध्यापिकांना सगळं लिहून दिलं. त्यांना लेखी ताकीद मिळाली, वर्षभर प्रयोग बंद झाले. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. पण भिंगरी पुस्तक नाकाशी नेऊन वाचायला लागली की त्यांचं शिकवणं मध्येच थांबायचं. त्या फळ्यावर तळहाताएवढी अक्षरं काढायच्या. स्वयंपाक करताना मध्येच एक डोळा झाकून बघायच्या, पोरीला कसं दिसत असेल म्हणून. नवरा म्हणायचा, "अगं, भाजी करपतेय." दोन महिन्यांत बाई निम्म्या झाल्या.

एके दिवशी शाळा सुटताना घड्याळवाले आजोबा फाटकाशी उभे दिसले. बाईंनी मान खाली घातली.

"एक्स-रे माझा," आजोबा म्हणाले. "तो गच्चीवर न्यायला मी हो म्हटलं. दोष घ्यायला आमच्याकडे आधीच रांग लागलीय बाई. तुम्ही नंबर लावा, पण पुढे घुसू नका."

बाईंना हसू आलं, आणि हसता हसता रडूही. आई मात्र अजून बोलत नव्हती.

चौथ्या महिन्यात तपासणीच्या आदल्या दिवशी तिचाच निरोप आला: उद्या येता का? बाई गेल्या. उजव्या डोळ्यानं भिंगरीनं तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. डाव्या डोळ्याला खालच्या दोन ओळी लागेनात.

"डाग लहान झालाय," ती म्हणाली. "मुंगीएवढा."

"आणखी कमी होईल कदाचित," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कदाचित एवढाच राहील."

आईनं मान हलवली. बाकावरची पिशवी मांडीवर घेऊन तिनं बाईंसाठी जागा केली, आणि पुढच्या तपासणीची तारीख दोघींनी लिहून घेतली.