न मावळलेला सोमवार

नॉर्डकापच्या प्रवासाची गोष्ट मी पुण्यात पुष्कळदा सांगितली आहे. युरोपच्या उत्तर टोकाला मी श्रावणी सोमवार धरला, आणि तिथे उन्हाळ्यात सूर्यच मावळत नाही, मग उपास सोडायचा कसा? बागेतल्या कट्ट्यावर लोक पोट धरून हसत. गोष्ट खोटी नव्हती, अर्धी होती. उरलेली अर्धी मी आजवर टाळली. आता ऐंशी पार झाली, लिहून टाकतो.

तेव्हा मी फ्रँकफर्टला मुलाकडे राहायला गेलो होतो. त्याने आणि त्याच्या ऑफिसातल्या मित्राने व्हॅन भाड्याने घेतली. मित्राची आईही नागपूरहून आलेली, म्हणून आम्ही चौघं निघालो. बाई निवृत्त शिक्षिका, मला पहिल्या दिवसापासून ‘भाऊ’ म्हणणाऱ्या. स्वीडनमध्ये वर सरकलो तशी गावं विरळ झाली, मग संपलीच. तासन्‌तास नुसतं जंगल, तळी आणि रस्त्यात येऊन उभी राहणारी रेनडिअर. मुक्काम कॅम्पिंगच्या लाकडी खोल्यांत. तिथल्या शेगडीवर बाई थालीपीठं लावायच्या आणि मी मागून मागून घ्यायचो.

रविवारी गाडीत मी विचारलं, “तुम्ही मूळच्या नागपूरच्याच का?” आडनावावरून काही उलगडत नव्हतं, आणि उलगडून घ्यायची खाज होती.

“हो न. बाबांनी दीक्षा घेतली तेव्हा मी आईच्या कडेवर होते,” त्या सहज म्हणाल्या.

मी “अस्सं” म्हणून खिडकीबाहेर बघू लागलो. ऑफिसात सगळ्यांबरोबर डबा खाणारा माणूस, असं मी स्वतःला समजत होतो. तरी त्या संध्याकाळी मी थालीपीठ मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी नॉर्डकापला पोचलो. बाईंनी खिचडी टाकली. मी म्हणालो, “माझा आज श्रावणातला सोमवार. सूर्य मावळला की सोडेन.”

“बाबा, तुम्ही? सोमवार? कधीपासून?” मुलगा म्हणाला.

“काका, परवा तर तिसरं थालीपीठ मागितलंत!” मित्र हसला. “आणि इथला सूर्य आता ऑगस्टात मावळणार.”

“हसू नका रे,” बाई म्हणाल्या. “एकेकाचा नेम असतो. मी थांबते भाऊंसाठी.”

आणि त्या खरंच थांबल्या. माझं ताट झाकून ठेवलं, स्वतःही जेवल्या नाहीत. सूर्य समुद्रावर तसाच लोंबकळत होता. शेवटी मुलगा वैतागला. “पुण्यात केव्हाच मावळलाय, बाबा. सोडा आता.”

“गेनाऊ!” मित्राने जर्मनमध्ये दुजोरा दिला.

बाईंनी ताट पुढे केलं. मी हात मागे घेतला. “पोट ठीक वाटत नाही.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग ताट बाजूला ठेवलं, पिशवीतून एक केळं काढलं आणि माझ्यासमोर धरलं.

“घ्या. साल तुम्हीच काढा.”

आवाजात राग नव्हता. मी खाली मान घालून ते केळं सोललं आणि खाल्लं. दोन्ही मुलं बघत होती.

परतीच्या वाटेवरही त्यांनी मला उपाशी ठेवलं नाही. संत्री देत, न फोडलेला बिस्किटांचा पुडा देत. शिजवलेलं काही माझ्यापुढे आलं नाही आणि मीही मागितलं नाही. मित्र माझ्याशी बोलेनासा झाला. फ्रँकफर्टला सामान उतरवताना मुलगा एवढंच म्हणाला, “मी इथं नवा होतो तेव्हा त्याच्या घरी राहिलो, बाबा. त्याच्या हातचं जेवलो.” पुढे तो मित्र रेगेन्सबर्गला गेला. जाताना निरोप घ्यायला आला नाही. दोघांचं बोलणं हळूहळू दिवाळीच्या मेसेजपुरतं उरलं.

काही वर्षांनी मी मुलाकडून बाईंचा नंबर घेतला. कशाला हवा, ते त्याने विचारलं नाही. फोन त्यांनीच उचलला.

“अरे भाऊ, तुम्ही! जेवलात का?”

मी “हो” म्हणालो, नागपूरच्या उन्हाची चौकशी केली आणि फोन ठेवून दिला. पुन्हा लावायचं धाडस झालं नाही. गेल्या वर्षी त्या वारल्याचं मुलाकडून कळलं.

फोन लावण्याआधी मी घोकलं होतं ते असं: बाई, माझा उपास नव्हता. तुमची जात कळली म्हणून मी तुमचं ताट नाकारलं. मला क्षमा करा.